‘पुलाचे पैसे फिटले, मग टोल कशाचा?’ : फिरत्या मजकुराला उत्तर

एक मजकूर सध्या गटागटांतून फिरतो आहे. मला तो तीन ठिकाणांहून आला. सार असे: गाडीचा रोड टॅक्स भरलेला असतो, तेव्हा पुलावरचा टोल म्हणजे दुसऱ्यांदा घेतलेला कर. पुलाचा खर्च निघाला की टोल आपोआप बेकायदा ठरतो, आणि दिल्लीच्या डीएनडी पुलाबाबत सर्वोच्च न्यायालयानेच तसे सांगितले आहे. शिवाय नाक्यावरच्या माणसाला गाडी अडवायचा अधिकार नाही, म्हणून काच खाली न करता निघून जा. हा शेवटचा सल्ला देणारा स्वतः कधी तसा निघून गेला असेल, असे काही वाटत नाही.

टोलची चीड मलाही येते. पण चुकीचा मुद्दा घेऊन नाक्यावर भांडणाऱ्याच्या पदरी मागच्या गाड्यांचे हॉर्न तेवढे पडतात.

रोड टॅक्सचा मुद्दा झटपट निकालात निघतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत नोंद 57 वाहनांवरील कराची आहे आणि नोंद 59 टोलची. घटनेनेच दोन्ही वेगळे मानले आहेत. गंमत अशी, की महाराष्ट्रात टोलची तरतूद सापडते ती 1958 च्या मोटार वाहन कर कायद्यातच, कलम 20 मध्ये. म्हणजे ज्या रोड टॅक्सचा दाखला द्यायचा, त्याच्याच कायद्यात टोल बसलेला आहे.

आता खर्चवसुली. इथे मजकुरात अर्धे सत्य आहे, म्हणून तो पटतो. राष्ट्रीय महामार्गावरच्या पुलाचे शुल्क 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम 7 खाली येते. 25 लाखांहून जास्त खर्चाचे आणि 1 एप्रिल 1976 रोजी किंवा त्यानंतर खुले झालेले कायम पूल त्यात आहेत. शुल्क कशाचे, तर ‘सेवा किंवा लाभ’ यांचे. खर्च फिटताच शुल्क संपेल असे ते कलम म्हणत नाही. 2008 च्या शुल्क नियमांतही भांडवली खर्च निघाल्यावर दर 40 टक्क्यांवर आणायचा होता, शून्यावर नव्हे. 2023 च्या दुरुस्तीने ती सवलतही गेली. दुरुस्ती मला अजिबात पटलेली नाही, पण न पटणे आणि बेकायदा असणे यांत अंतर आहे.

मग टोल बंद होतो तो कसा? आपल्याकडचा इतिहास पाहा. 1 जून 2015 पासून राज्यातले 12 नाके बंद झाले आणि 53 नाक्यांवर लहान गाड्या व एसटीला माफी मिळाली. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर लहान वाहने सुटली, अवजड वाहनांची वसुली मात्र चालूच राहिली. दोन्ही वेळा निर्णय सरकारचा होता. कोल्हापूरकरांनी शहरातल्या रस्त्यांचा टोल घालवला तोही वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरून. ‘आपोआप’ काहीच झालेले नाही.

डीएनडीचा दाखला मात्र नीट वाचण्यासारखा आहे. दिल्ली-नोएडा जोडणारा हा पूल 2001 मध्ये खुला झाला. 1997 च्या करारात पूल बांधणाऱ्या कंपनीला प्रकल्पखर्चावर 20 टक्के परताव्याची हमी होती, आणि एखाद्या वर्षी परतावा कमी पडला तर तूट त्या खर्चातच जोडायची होती. म्हणजे पूल जुना होत जाणार आणि त्याचा ‘खर्च’ मात्र वाढत जाणार. सावकाराच्या वहीतसुद्धा असे गणित शोभणार नाही! ऑक्टोबर 2016 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने वसुली थांबवली आणि 20 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. कंपनीचा खर्च आणि भरपूर नफा निघाला आहे, हे न्यायालयाने म्हटले, नाही असे नाही. पण निकालाचा कणा दुसराच आहे. टोल आकारण्याचा अधिकार नोएडा प्राधिकरणाने कंपनीच्या हाती दिला, तो देण्याची मुभा त्याला कायद्याने नव्हती. आणि ते काम स्पर्धात्मक निविदेशिवाय दिले गेले. प्राधिकरण ही कायद्याने जन्माला घातलेली संस्था. कायद्याने दिले तेवढेच तिचे, त्यापलीकडचे तिने दुसऱ्याला दिले तर तो व्यवहार टिकत नाही. म्हणून डीएनडीचा निकाल दुसऱ्या पुलाला लावायचा, तर त्या पुलाची अधिसूचना आणि करार हातात हवा. नुसता वसुलीचा आकडा पुरत नाही.

‘पर्यायी रस्ता नसेल तर टोल घेता येत नाही’ ही पुरवणीही मजकुराला काही जण जोडतात. 2008 च्या नियमांत तशी अट नाही. पर्यायी रस्त्याचा उल्लेख येतो तो उलट बाजूने: तो उपलब्ध असेल, तर 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला सवलतीचा मासिक पास मिळत नाही. रस्त्याची अवस्था हा मात्र दमदार मुद्दा आहे. केरळमधल्या पालियेक्करा नाक्याची वसुली उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये रस्त्याच्या दुरवस्थेपायी काही काळ थांबवली, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. कलम 7 मधला ‘सेवा’ हा शब्द असा कामाला येतो.

आकारणीचे सूत्रही तपासत जावे. राष्ट्रीय महामार्गावर पुलाचा एक किलोमीटर शुल्कासाठी साध्या रस्त्याच्या 10 किलोमीटरइतका धरला जाई. जुलै 2025 पासून पुलाच्या लांबीची 10 पट अधिक उरलेला रस्ता, किंवा एकूण लांबीची 5 पट, यांतले कमी ते घ्यायचे ठरले. पूर्ण 40 किलोमीटर पुलाचाच टप्पा असेल, तर हिशेब 400 ऐवजी 200 किलोमीटरचा. दरपत्रकात हे उतरले आहे का, हे विचारायला खर्चवसुलीच्या वादात पडावे लागत नाही.

राहिला गाडी अडवण्याचा प्रश्न. 1851 चा टोल कायदा बघा: पैसे न देणाऱ्याची गाडी, जनावर किंवा त्यावरचा माल जप्त करायचा, आणि 24 तासांत भरणा झाला नाही तर वरिष्ठ अधिकाऱ्याने तो विकायचा. पोलिसांनी वसुलीला मदत करायची, हेही त्यात आहे. त्याच कायद्यात दरांचा फलक नाक्याजवळ इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत लावण्याची सक्ती आहे, आणि अधिकार नसताना वसुली करणाऱ्याला किंवा जादा उकळणाऱ्याला तुरुंगाची तरतूदही. मजकूर लिहिणाऱ्याने नेमके हेच वगळले.

आजच्या राष्ट्रीय महामार्गावर जनावर जप्त होत नाही, पण फास्टॅगशिवाय आत शिरलेल्याला जादा पैसे मोजावे लागतात. काच खाली न करता नाका ओलांडायचा रस्ता एकच, टॅगमध्ये शिल्लक ठेवायची.