हजार फुटांवरून करुणा

अभिनंदन! कॅलिफोर्नियात घर घेतलंत. तीस वर्षांचं कर्ज, दहापैकी नऊ गुणांची शाळा, मागच्या अंगणात कुंडीतला कढीपत्ता. सगळं जमून आलं आणि काल टपालात नगरपालिकेचं पत्र पडलं. कोपऱ्यावरच्या बंद पडलेल्या गालिच्यांच्या दुकानात वैद्यकीय गांजाची डिस्पेन्सरी काढायचा अर्ज आला आहे, तुमचं घर परिघात येतं, काही म्हणणं असल्यास सुनावणीला या.

डिस्पेन्सरी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर महापालिकेचा दवाखाना आला असेल. घरून बाटली न्यायची, कंपाउंडर तिच्यात लाल औषध ओतणार, वर डोसाच्या खुणा कातरलेली कागदी पट्टी चिकटवणार. ते चित्र पुसून टाका. इथे दारात ओळखपत्र तपासणारा धिप्पाड पहारेकरी असतो, आत काचेच्या बरण्या असतात आणि औषधांची नावं मिठाईच्या दुकानातून आणल्यासारखी असतात.

घाबरू नका. फक्त एक पथ्य पाळा: आपण विरोधात आहोत असं चुकूनही म्हणायचं नाही. या राज्याने १९९६ साली प्रॉपोझिशन २१५ या सार्वमताला टाकलेल्या कायद्याला पंचावन्न टक्क्यांहून जास्त मतं दिली आहेत, आणि त्या कायद्याच्या नावातच करुणा आहे: कम्पॅशनेट यूज ॲक्ट. कर्करोग, एड्स, काचबिंदू, संधिवात, अर्धशिशी, सगळी मंडळी त्यात नावानिशी हजर आहेत. अशा कायद्याला नको म्हणणारा माणूस वाईट दिसतो. म्हणून सुरुवात करायची ती "माझा तत्त्वतः पाठिंबा आहे" अशी. मग एक श्वास. मग 'पण'. "मुलगी आम्हाला पसंत आहे, पण..." हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं आहे, तेव्हा फार सराव लागू नये.

(याच कायद्याला पुढे २००३ साली जोड दिली गेली त्या विधेयकाचा क्रमांक होता ४२०. इथल्या गंजेडी परिभाषेत त्या आकड्याचा अर्थ वेगळा आहे, शाळा सुटल्यावर चार वीसला भेटणाऱ्या पोरांपासून तो आला. पण आपल्या कानाला जे ऐकू येतं ते येतंच. भारतीय दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली तरी चारशेवीस तो चारशेवीसच.)

'पण'च्या पुढे टेप काढायची. बंदी घालायची नाही, अंतर घालायचं. शाळेपासून हजार फूट. कोणी हरकत घेतं का बघा. शाळेजवळ गांजा असावा असं म्हणायला कोण उभा राहील? मग हळूच: उद्यानापासून हजार फूट. वाचनालयापासून. चर्चपासून. पाळणाघरापासून. व्यसनमुक्ती केंद्रापासून. आणि एका डिस्पेन्सरीपासून दुसऱ्या डिस्पेन्सरीपर्यंतही हजार फूट, नाहीतर त्या एकमेकींच्या संगतीने बिघडायच्या. आता थोडं गणित. हजार फुटांच्या त्रिज्येचं एक वर्तुळ म्हणजे सुमारे बहात्तर एकर. एका पाळणाघराने बहात्तर एकर पवित्र होतात. शिवाय अंतर इमारतीपासून नाही, आवाराच्या हद्दीपासून मोजायचं, म्हणजे मैदानवाली शाळा असली तर एकरांची मोजदादच सोडा. नकाशा पसरा, कंपास घ्या, वर्तुळं काढत जा. अर्ध्या तासात गाव संपतं. उरतं ते फ्रीवे, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आणि एखादी टाइल्सची वखार.

वर्तुळं कमी पडली तर नवी तयार करा. एक बाक, एक घसरगुंडी, कुत्र्याच्या पिशव्यांचा एक खांब, झालं उद्यान. आपल्या लोकांकडे तर हुकमी पत्ता आहे: रविवारची मराठी शाळा. ती बहुतेक चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये भरते, म्हणजे एकाच छपराखाली शाळाही आली आणि चर्चही. कायद्याला अभिप्रेत असलेली शाळा बालवाडी ते बारावीची असते, आठवड्यातून दोन तास 'ळ' घोटून घेणारी नसते, हे कोणी विचारेपर्यंत आपण बोलायचं नाही.

अंतर कसं मोजायचं यालाही कला लागते. राज्याने २०१० साली शाळेपासून सहाशे फुटांचा नियम केला तेव्हा लिहून ठेवलं की हद्दीपासून हद्दीपर्यंत सरळ रेषेत मोजायचं, मध्ये काय उभं आहे ते बघायचं नाही. म्हणजे मध्ये आठपदरी फ्रीवे असो, तारेचं कुंपण असो, मुलाला पंख असल्याचं गृहीत धरायचं. सॅन डिएगोने मात्र फ्रीवे, दऱ्या, पूर-कालवे यांना वळसा घालून मोजायची मुभा ठेवली, आणि तिथे वकिलांची पोटं भरली. आपल्याकडे हा प्रयोग आधीच झालेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या डिसेंबरात महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारू नको म्हटल्यावर केरळातल्या एका बारने दारापुढे भिंतींचा चक्रव्यूह बांधला, गिऱ्हाईक गोल गोल फिरून आत गेलं आणि अंतर भरलं. तेव्हा सॅन डिएगो पद्धतीच्या वाटेला जाऊ नका. सरळ रेषच बरी, तिला वाकवता येत नाही.

या विद्येत गुरू मानायचा तर लॉस एंजेलिस. २००७ मध्ये तिथल्या नगर परिषदेने नव्या डिस्पेन्सऱ्यांना स्थगिती दिली, आणि तिच्यातच 'विशेष अडचण' असणाऱ्यांसाठी सवलतीची एक खिडकी उघडी ठेवली. नोंदवलेली दुकानं दोनशेच्या आत होती. मग अडचणी सुरू झाल्या, शेकड्यांनी. अर्ज करायचा, निकाल लागेपर्यंत शटर वर करायचं. परिषद झोपेतून उठली तेव्हा गल्लोगल्ली डिस्पेन्सऱ्यांचे हिरवे क्रॉस लुकलुकत होते. २०१० मध्ये ठराव झाला: फक्त सत्तर, आणि तीही हजार फुटांच्या नियमात बसणारी. त्यावर दाव्यांचा पाऊस पडला. २०१२ च्या जुलैत सरसकट बंदी आणि ऑक्टोबरात, लोकांनी सार्वमतासाठी सह्या गोळा केल्यावर, बंदीवरच बंदी. शेवटी २०१३ च्या मे महिन्यात मतदारांनी मेझर डी हा शहराचा प्रस्ताव मंजूर केला, त्यातलं मर्म माझ्या फार आवडीचं आहे. स्थगितीच्या आधीपासून असलेल्या सव्वाशे-दीडशे दुकानांना परवाना मिळाला नाही, मर्यादित अभय मिळालं. म्हणजे तुम्ही बेकायदाच आहात, पण आम्ही खटला भरणार नाही. कर मात्र भरा, आणि तोही वाढवून. इतकी सुबक वाक्यरचना मी फक्त आपल्या गुंठेवारी नियमितीकरणात पाहिली होती.

त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने रिव्हरसाइड शहराच्या खटल्यात एकमताने सांगून टाकलं की जमीनवापराच्या अधिकारात गाव अशी दुकानं पूर्णपणे बंद ठेवू शकतं, त्यांना उपद्रव ठरवू शकतं. म्हणजे राज्यात औषध, गावात उपद्रव. दहा लाखांच्या सॅन होजेने पुढच्या वर्षी नियम केले आणि शेवटी सोळा दुकानांवर भागवलं. आजूबाजूच्या कित्येक गावांनी सोळाचा आकडाही फार वाटून शून्य लिहिलं, आणि आपल्या रहिवाशांनी सॅन होजेला जावं अशी मूक सोय केली. शेजारधर्म यालाच म्हणतात.

सुनावणीला उभं राहताना वॉशिंग्टनचाही दाखला द्या. केंद्राच्या कायद्यात शाळेभोवती हजार फुटांत अमली पदार्थ विकले तर शिक्षा वाढते. जलतरण तलाव आणि व्हिडिओ गेम पार्लर यांच्याभोवती मात्र शंभर फूट पुरतात. कोणी शेजारच्या लिकर स्टोअरचा विषय काढला तर खोकला आल्याचं नाटक करा. आपण तर अशा मातीतून आलोय जिथे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली अजून परवाना लागतो आणि बारच्या पाटीवर निर्लज्जपणे 'परमिट रूम' लिहिलेलं असतं. परमिट कोणी पाहिलंय? पण खोली आहे.

मी स्वतः आमच्या गावच्या सुनावणीत बोललोय, म्हणून अधिकाराने सांगतो. माणशी दोन मिनिटं असतात. समोर छोटा दिवा असतो, हिरवा, पिवळा, लाल. मी नकाशा फोमच्या पाट्यावर चिकटवून नेला होता, वर्तुळं बायकोकडून रंगवून घेतली होती. तत्त्वतः पाठिंबा, श्वास, पण, वर्तुळं, मुलांचं भवितव्य, धन्यवाद. एक मिनिट छप्पन सेकंद. माझ्यानंतर डोक्याला निळा रुमाल बांधलेली एक बाई आली, वॉकर घेऊन. तिचा अर्धा वेळ माइक खाली ओढण्यात गेला. केमोच्या दुसऱ्या दिवशी पाणीसुद्धा पोटात ठरत नाही म्हणाली, जवळची डिस्पेन्सरी पंचेचाळीस मिनिटांवर आहे म्हणाली, आणि उलटी होत असताना गाडी चालवणं कसं असतं ते सांगायला लागली तेवढ्यात लाल दिवा लागला. अध्यक्षांनी नम्रपणे आभार मानले. वेळेचं नियोजन या लोकांना कधी जमायचं नाही.

नंतर पार्किंगमध्ये ती मला गाठून म्हणाली, थँक यू. माझं पहिलं वाक्य तिने ऐकलं होतं, माइकशी झटापट करायच्या तयारीत पुढचं राहून गेलं असावं. मी तिला गाडीचं दार उघडून दिलं. पाटा मात्र पाठीमागे धरून.

अर्ज फेटाळला गेला. पुढे तो गावाच्या टोकाला औद्योगिक पट्ट्यात मंजूर झाला, जिथे बस संध्याकाळी सहानंतर जात नाही. या उरलेल्या तुकड्यांना इथे 'ग्रीन झोन' म्हणतात. तिथल्या गाळेमालकाला तुम्ही ओळखत असाल तर आधीच भागीदारी करून ठेवा, कारण कायदेशीर जागा गावात तीनच उरल्या की भाडं तो सांगेल ते. ते भाडं बरणीवरच्या किमतीत जातं आणि बरणी कोण विकत घेतं हे आपण सुनावणीत पाहिलंच. त्या पट्ट्याला लागून जे लोक राहतात त्यांची मुलंही शाळेत जातात म्हणे. पण ते लोक सुनावणीला येत नाहीत. मंगळवारी संध्याकाळी त्यांची दुसरी पाळी असते.

एक धोका तेवढा लक्षात ठेवा. २०२२ मध्ये राज्याने एक कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून गावांना वैद्यकीय गांजाची घरपोच सेवा अडवता येत नाही. दुकान नको म्हणा, पण गाडी येणार. परवा सव्वातीनला मी मुलीला आणायला शाळेपाशी उभा होतो. क्रॉसिंगवाल्या आजींनी थांबाचा लाल फलक वर केला तशी एक पांढरी गाडी थांबली. ड्रायव्हरच्या मोबाइलवर नकाशा होता, पुढच्या सीटवर शिवून बंद केलेली कागदी पिशवी. पोरं दप्तरं उडवत त्याच्या बोनेटपुढून गेली, माझ्या मुलीने त्याला हात केला, त्यानेही केला. मी सवयीने खिशातली टेप चाचपली. गाडी निघाली आणि आमच्याच गल्लीत वळली, निळ्या रुमालाच्या घरापाशी थांबली. आमच्या दारापासून साठ फूट. सरळ रेषेत.