काका, आधी त्या पिवळ्या मादीचं बघा

काका, नमस्कार. लव्हबर्ड (म्हणजे बजरीगर) आणि इतर पाळीव पाखरांच्या आजारपणावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही प्रतिक्रिया लिहिलीत, तिच्यातली शेवटची ओळ सगळ्यात आधी घेतो. ‘आमची पिवळी मादी सकाळपासून तळाशी बसून कुंथतीय, बघू उद्या’ असं तुम्ही सहज लिहून गेलात. उद्या नको. तिचं अंडं अडकलेलं असावं. हे वाचणं इथंच थांबवा. बुटांच्या खोक्यात टॉवेल अंथरा, बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळा आणि खोक्याच्या एका बाजूला ठेवा. मादीला अलगद आत सोडा, शेजारी ओलसर फडकं ठेवा, खोकं अंधारात राहू द्या. पोट दाबायचं नाही, तेल सोडायचं नाही, अंडं दिसत असलं तरी ओढायचं नाही. अंडं आत फुटलं तर संपलंच. अडकलेल्या अंड्याचा हिशेब तासांत होतो, म्हणून डॉक्टरांना फोन आत्ताच करा. इथले डॉक्टर पाखरं बघत नसतील तर त्यांना पुण्याच्या पक्ष्यांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला सांगा. कॅल्शियमचा डोस विचारून इंजेक्शन इथंही देता येतं.

झालं? आता बाकीचं.

तुम्ही लिहिलंत की चाळीस वर्षं लव्हबर्ड पाळतोय, पाखरू फुगून बसलं की जातंच. साखरपाणी आणि ब्रँडीचा थेंब चोचीत सोडला तर दहातली दोन उठतात. ‘लगेच डॉक्टरकडे न्या’ लिहायला काय जातंय, रात्री अकराला जुळे सोलापुरात पाखराचा डॉक्टर दाखवा. आणि मी उगाच लोकांना घाबरवतो, असंही.

डॉक्टरचा मुद्दा मान्य, अगदी सपशेल. म्हशी, कुत्री, मांजरं बघणारे भेटतात, पण पस्तीस ग्रॅमचं पाखरू हातात धरायची सवय असलेले फार थोडे. पुणं अडीचशे किलोमीटर. मूळ लेखात मी ‘लगेच न्या’ म्हणून मोकळा झालो आणि नेईपर्यंत काय करायचं ते लिहिलंच नाही. चूक माझी.

साखरपाण्यावर मात्र मी भांडणार, कारण त्या पाण्यानं मी स्वतः एक पाखरू मारलंय. मे महिना होता, वर पत्रा, दुपारी लाइट गेलेली. निळा नर पंख अंगापासून सोडून, चोच उघडी टाकून धापा टाकत होता. मी त्याला मुठीत घट्ट धरलं आणि ड्रॉपरनं ग्लुकोजचं पाणी चोचीत सोडलं. शिंकल्यासारखा एक बारीक आवाज आला, पंख दोनदा फडफडले, मान माझ्या अंगठ्यावर पडली. उन्हानं गेला, असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत होतो. मग कळलं की पाखराच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं आणि त्यावर आपल्यासारखं झाकण नसतं. वरून सोडलेलं पाणी सरळ श्वासनळीत उतरतं. दुसरं, त्याला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूंचा पडदा, नाही. छातीचं हाड पुढं-मागं झालं तरच हवा आत-बाहेर होते. मुठीत छाती आवळली की श्वास बंद. म्हणजे एकाच मिनिटात मी दोन्ही बाजूंनी त्याची कोंडी केली होती. तेव्हा करायचं होतं ते एवढंच: सावलीत नेऊन पाय आणि पंखांखालची जागा साध्या पाण्यानं ओली करायची. बर्फाचं पाणी नाही.

तुमची दहातली दोन उठतात ती ब्रँडीनं नव्हे, तुमच्या ओंजळीच्या उबेनं उठत असतील, असा माझा अंदाज आहे. ऊन लागलेलं पाखरू सोडलं तर जवळपास प्रत्येक आजारी पाखराला आधी ऊब लागते, तीस अंशांच्या आसपास. म्हणून वर खोकं सांगितलं. ऊब एकाच बाजूला ठेवायची, म्हणजे नको झालं तर पाखरू स्वतः सरकतं. दाणा-पाणी चोचीजवळ ठेवायचं. आणि दर दोन मिनिटांनी झाकण उघडून बघायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. आमच्या घरात तर कुणालाच जमत नाही.

‘फुगलं की जातंच’ हे मात्र तुम्ही अर्धं बरोबर बोललात. थव्यात जे दुबळं दिसतं त्याच्यावर शिक्रा झडप घालतो, म्हणून पाखरू होईल तेवढं दुखणं लपवतं. आपल्याला फुगलेलं दिसतं तेव्हा ते कित्येक दिवसांचं आजारी असतं. थंडीत एका पायावर, मान मागं खुपसून झोपलेलं पाखरू हाक मारली की लगेच चापून-चोपून बसतं. त्याची काळजी नको. दोन्ही पायांवर, डोळे अर्धे मिटून, प्रत्येक श्वासाला शेपटी पंपाच्या दांड्यासारखी वर-खाली होत असेल तर तेच खरं संकट. त्याच्याही आधी कळायला हवं असेल तर वजन करा. मिठाई तोलायचा ग्रॅमचा काटा चालतो. पस्तीस ग्रॅमचं पाखरू चार ग्रॅमनं उतरलं तर पिसांत काही दिसत नाही, पण साठ किलोच्या माणसाचं सात किलो उतरावं तसं ते असतं. रोज शीट बघा. कागद बदलताना ती एकदम कमी किंवा पाण्यासारखी दिसली तर तो धोक्याचा इशाराच समजा.

रक्ताचंही तसंच. अंगातलं रक्त वजनाच्या साधारण दहावा भाग, म्हणजे लव्हबर्डमध्ये चमचाभरही नाही. नख तुटलं तर मैदा नाहीतर कॉर्नफ्लॉवर लावून दाबून धरा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत शोभेच्या दारूकामाच्या रात्री कॉकटेल (तुऱ्याचे छोटे पोपट) अंधारात बिथरतात आणि नवी, रक्त भरलेली पिसं मोडून घेतात. त्या रात्री झिरोचा बल्ब चालू ठेवा. मांजराचा दात लागला असेल तर भोक टाचणीएवढं असलं तरी त्याच दिवशी अँटिबायोटिक हवं, कारण मांजराच्या लाळेतले जंतू पाखराला पुढच्या एक-दोन दिवसांत संपवतात.

एका संध्याकाळी चार पाखरं एकदम गेली, नजर लागली, असंही तुम्ही लिहिलंय. त्या दिवशी पिंजरा स्वयंपाकघरात होता का? गॅसवर नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला होता का? तो जास्त तापला की वाफ सुटते. आपल्याला बहुतेक वेळा नुसता वास येतो, पाखरं मिनिटांत तडफडून पडतात. काकूंना दोष देत नाहीये; मलाही हे उशिराच कळलं.

नातीचा ससा ‘दोन दिवस उपाशी राहूनही ठणठणीत’ राहिला ते नशीब. सशाचं आतडं चालूच राहावं लागतं. अर्धा दिवस चारा नाही, लेंड्या नाहीत, तर तीही इमर्जन्सीच. आणि मेडिकलमधून अॅमॉक्सिसिलिन आणून तोंडानं देऊ नका. माणसाला चालतं, सशाच्या पोटातले चांगले जंतू मारून त्यालाच मारतं.

घाबरवण्याबद्दल काय बोलू? तीनशे रुपयांचं पाखरू म्हणालात खरं, पण त्याच पिवळ्या मादीसाठी रात्री साडेदहाला एवढी लांब प्रतिक्रिया लिहिलीत.

माझ्याकडं ते ग्रॅमचे काटे दोन आहेत. रविवारी होटगी रोडला यायचंय, त्यातला एक तुमच्याकडं ठेवून जातो. आणि अंडं पडलं की नाही, ते आज रात्रीच इथं खाली लिहा, कितीही वाजले तरी. पडलं असेल तर पिंजऱ्यात समुद्रफेसाचा तुकडा लावा. नुसत्या राळ्या-बाजरीवर तिचं कॅल्शियम पुरत नाही.