खुलासा : आयडाहोच्या रानात उतरणारी विमानं बेकायदा नाहीत

‘अमेरिकेच्या संरक्षित रानात विमान उतरवायला १९६४च्या कायद्यानं बंदी आहे, तरी आयडाहो राज्यात वैमानिक सर्रास उतरतात,’ असा मजकूर फिरतोय. हे अर्धंच खरं. जिथे विमानं आधीपासून उतरत होती तिथे ती उतरू देता येतील, असंही त्याच कायद्यात आहे. मध्य आयडाहोच्या रानापुरतं १९८०च्या कायद्यानं आणखी पक्कं केलं: तेव्हा नियमित वापरात असलेली धावपट्टी केंद्राच्या वनखात्याला परस्पर कायमची बंद करता येत नाही. विमानांना अतिशय धोका असेल तरच. आणि तेव्हाही राज्याची लेखी संमती हवीच. बंद न करता पट्टी निकामी करून टाकायची पळवाटही बुजवली आहे, हे बरंच झालं. आणि मजा म्हणाल तर, तिथल्या केबिन क्रीक या धावपट्टीवर चढाकडे तोंड करून उतरायचं, उताराकडे उडायचं!