सरकारी दवाखान्यात कार्ड नसेल तर पैसे? थांबा जरा

दोन दिवस झाले ग्रुपवर तोच मेसेज फिरतोय, "आयुष्मान कार्ड नसेल तर आता सरकारी दवाखान्यात सगळ्याचे पैसे भरावे लागणार, लगेच कार्ड काढा." अर्धवट माहिती आहे ही. आमच्या काकू तर घाबरून बीपीच्या गोळ्या आणायलाच गेल्या नाहीत.

तर झालंय असं की १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, जिल्हा रुग्णालय, इथे केसपेपरपासून तपासण्या-औषधांपर्यंत उपचार फ्री आहेत, विमा असो नसो, रेशनकार्ड पिवळं असो की पांढरं.

पण मेसेज अगदीच हवेतला नाहीये. पुण्याचं ससून, मुंबईचं जेजे ही हॉस्पिटलं वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, केईएम, सायन मुंबई महापालिकेकडे. फ्री उपचारांच्या त्या निर्णयात ही येत नाहीत, तिथे त्यांचे दर लागतात, तरी प्रायव्हेटच्या मानाने कमीच. गेटवर सगळीकडे पाटी सरकारीच दिसते म्हणून लोकांचा घोळ होतो, आणि खरं सांगायचं तर त्यात लोकांची चूक नाही.

कार्ड कामाला येतं ते अॅडमिट होऊन ऑपरेशन वगैरे करायचं असेल तेव्हा. आयुष्मानसोबत एकत्र चालणाऱ्या राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण यादीतल्याच उपचारांना आणि योजनेतल्याच हॉस्पिटलमध्ये, सर्दी-तापाच्या ओपीडीला नाही. कार्ड काढाच, पण ते नाही म्हणून घरी बसू नका. काकूंना उद्या मीच घेऊन जातोय.