थिजलेलं खोबरेल आणि बाळाची पाठ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, हे कबूल करते. कूलिंग (जन्मताना गुदमरलेल्या बाळाचा मेंदू वाचवण्यासाठी अंग गार ठेवण्याचा उपचार) दिलेल्या बाळांच्या पाठीवर येणाऱ्या गाठींवरचा माझा लेख वाचून भांडुपची तुमची बहीण रात्रभर रडली, आणि या गाठी आपोआप जातात हे मी लपवलं, असं तुम्ही म्हणता. लपवलं नव्हतं, पण अगदी शेवटी लिहिलं होतं. ओल्या बाळंतिणीने तिथवर पोचायचं कसं? चूक माझी. ते वाक्य आता सगळ्यात वर नेलंय: बहुतेक बाळांच्या गाठी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत विरून जातात.

तुमचा दुसरा प्रश्न मात्र बिनतोड. नवजात बाळाच्या चरबीत पामिटिक, स्टिअरिक अशी संपृक्त मेदाम्लं जास्त असतात, म्हणून ती गारव्याने खोबरेलासारखी थिजते, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही विचारलंत, "खोबरेल उन्हात ठेवलं की वितळतं. मग आजीने कोमट तेलाने चोळलं तर गाठ का नाही वितळणार?"

इथे माझी उपमा लंगडी पडते. चरबीची पेशी जिवंत असते. जन्मताना गुदमरलेल्या बाळाच्या कातडीला रक्त आधीच कमी पोचलेलं. त्यात मेंदू वाचवण्यासाठी 72 तास अंग 33 ते 34 अंश सेल्सिअसवर, आणि बहुतेक वेळ उताणं. थिजलेल्या चरबीच्या पेशी मेल्या की त्या साफ करायला शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी गोळा होतात. हाताला लागते ती कडक, लालसर-जांभळी गाठ म्हणजे ही सूज. ती चोळून वितळत नाही, बाळाला दुखतं मात्र. (कूलिंग न दिलेल्या गुदमरलेल्या बाळांनाही अशा गाठी येतात, तेव्हा सगळं खापर कूलिंगवर नको.)

आता "कॅल्शियमच्या तपासण्या म्हणजे लॅबचा धंदा" याबद्दल. मुंबईत असा संशय येतो, तो मला परका नाही. पण या सफाई पेशी ड जीवनसत्त्व परस्पर सक्रिय करतात, त्यावर मूत्रपिंडाचा नेहमीचा लगाम चालत नाही. मग आतड्यातून कॅल्शियम जास्त शोषलं जातं. आणि हे पुष्कळदा गाठी मऊ पडायला लागल्यावर होतं, घरचे हुश्श करतात नेमकं तेव्हा. मी नवजात कक्षात सिस्टर असताना एका बाळाला "पाठ आता छान आहे" म्हणत हसत घरी पाठवलं होतं. ते परत आलं तेव्हा दूध ओढत नव्हतं, उलट्या होत्या, शी कडक, लंगोट मात्र सारखे ओले. कॅल्शियम चढलेलं होतं. ते बाळ सावरलं. पण असं कॅल्शियम बराच काळ चढलेलं राहिलं तर मूत्रपिंडात साचतं, म्हणून गाठी गेल्यावरही काही महिने अधूनमधून रक्त तपासायला सांगतात. ड जीवनसत्त्वाचे थेंब चालू असतील तर पुढचा थेंब देण्याआधी डॉक्टरांना गाठींबद्दल सांगा. स्वतःच्या मनाने बंदही करू नका.

"परदेशी उपचार आमच्या बाळांवर कशाला" हे वाक्य तुम्ही रागात लिहिलंत, पण ते पोकळ नाही. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या 408 बाळांवर झालेल्या, कूलिंगचा फायदा तपासणाऱ्या हेलिक्स अभ्यासात आपलं शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालयही होतं. 2021 मध्ये निकाल आला: कूलिंगने मृत्यू किंवा अपंगत्व कमी झालं नाही, उलट कूलिंग दिलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. श्रीमंत देशांतल्या अभ्यासांत फायदा दिसला होता. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो तुमच्या बहिणीने बाळाच्या उशाशी बसून सोडवायचाही नाही. तिने एवढंच बघावं: दूध, वजन, लंगोट, आणि पुढच्या तपासणीची तारीख.

आजींना सांगा, तेलाला माझी ना नाही. गाठी असतील तेवढी जागा सोडून, हलक्या हाताने लावा. आणि मालिशवाल्या बाई येत असतील तर त्यांना पाठ आधी दाखवा, नाहीतर त्या सवयीने तिथेच जोर लावतील.