मोठ्याने विचार करणारा माणूस

घरात तीन वर्षांचं मूल आहे म्हटलं की लोक सहानुभूती दाखवतात. 'दमवत असेल ना?' 'आता खरी परीक्षा.' 'अजून दोनेक वर्षं कळ काढा, मग सुटाल.' बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, पण हे ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं. कारण मला सुटायचंच नाहीये. दमतो, हे खरं आहे. रात्री पाठ टेकली की दुसऱ्या मिनिटाला झोप लागते. पण आजवर ज्या ज्या माणसांचा सहवास मिळाला, त्यात माझ्या या तीन वर्षांच्या मुलाइतका आनंद मला कुणी दिलेला नाही. तो का, हे आज जरा सविस्तर लिहितो.

या वयात माणूस मोठ्याने विचार करतो. आपल्याला तो विचार चक्क ऐकू येतो.

आमचा लेक ठोकळे घेऊन बसला की माझ्याकडे त्याची पाठ असते. मी खोलीत आहे की नाही याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. आणि तोंड अखंड चालू असतं. 'हा इथे. नाही, हा मोठाय. थांब हं, पडेल. सावकाश. पडला! काही नाही, काही नाही, परत लावू.' हे तो कुणाला सांगत असतो? कुणालाच नाही. मुलांच्या या स्वतःशी बोलण्यावर दोन मोठ्या मानसशास्त्रज्ञांचं मत वेगवेगळं होतं. दोघांचाही जन्म 1896 सालचा. स्वित्झर्लंडच्या झाँ पियाजेंना वाटायचं, मुलाला समोरच्याचा विचार करून बोलता येत नाही म्हणून हे असं बोलणं होतं, आणि मोठं होता होता ते गळून पडतं. सोव्हिएत रशियातले लेव्ह व्हिगॉट्स्की म्हणाले, ते गळून पडत नाही, आत जातं. मूल बोलता बोलता स्वतःला वाट दाखवत असतं. काम अवघड झालं की हे बोलणं वाढतं, आणि शाळेच्या वयात ते आधी पुटपुटण्यावर येतं, मग ओठांच्या आत शिरतं. आपण मोठी माणसं मनातल्या मनात जे बोलतो, ते हेच.

मला व्हिगॉट्स्कींचं पटतं, कारण ते मला रोज दिसतं. कोड्याचा तुकडा सहज बसला तर हा गप्प असतो. तुकडा अडला की बोलणं सुरू. आणि त्यातलं 'काही नाही, काही नाही' हे त्याचं नाहीच. ते त्याच्या आईचं आहे. तो पडला की ती त्याला उचलताना हेच म्हणते, याच चालीत. आता ठोकळे पडले की तो ते स्वतःला म्हणतो. आम्ही त्याला दिवसभरात शेकडो वाक्यं ऐकवतो. त्यातली नेमकी कोणती त्याने स्वतःच्या उपयोगासाठी ठेवून घेतली, हे मला या खोलीत बसून कळतं. माझं एक 'बघू बरं जरा' त्यात सापडलं, त्या दिवशी मला झालेला आनंद मी दुसऱ्या कशाशीही बदलणार नाही. अजून काही वर्षांनी तो असाच स्वतःशी बोलत असेल, फक्त मला ऐकू येणार नाही.

त्याचं मन उघडं असण्याची आणखी एक गंमत लपाछपीत असते. 'बाबा, मी पडद्यामागे लपतो, तू शोध हं.' मग पडद्यामागून हसणं. मी दुसरीकडे शोधायचं नाटक केलं की तिथूनच मला मदत: 'तिकडे नाही, इकडे!' फोनवर आजीने विचारलं, 'बाळा, जेवलास का?' तर हा मान हलवतो. गुडघ्याला खरचटलंय हे सांगायचं असेल तर गुडघा फोनसमोर धरतो, आणि हा साधा फोन असतो, चित्र दिसणारा नव्हे. त्याला जे दिसतंय ते आजीलाही दिसतंय, त्याला जे ठाऊक आहे ते मलाही ठाऊक आहे, असं तो धरून चालतो. म्हणून गोष्ट मधूनच सुरू होते. 'आणि मग ती रडली.' कोण रडली? 'ती!' आणि माझ्याकडे अशा नजरेने बघतो की एवढं कसं माहीत नाही.

1983 साली विमर आणि पेर्नर या दोन संशोधकांनी मुलांना एक छोटी गोष्ट सांगून बघितली. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो. तो नसताना आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर मॅक्सी चॉकलेट कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं बहुतेक करून दुसरं कपाट दाखवतात, म्हणजे चॉकलेट आता खरोखर जिथे आहे ते. मॅक्सीच्या डोक्यात जुनीच माहिती असेल, हे चार-पाच वर्षांची होता होता कळू लागतं. ही गोष्ट मी वाचली तेव्हा पडद्यामागचं ते हसणं मला जास्तच प्रिय झालं. आपल्यापासून काहीही लपवता येत नाही असं मानणारा माणूस आयुष्यात पुन्हा कुठे भेटणार?

अर्थात बदल सुरू झालाय. परवा जमिनीवर पाणी सांडलेलं, दोन्ही बाह्या चिंब, आणि चिरंजीव सांगतात, 'पाणी आपोआप सांडलं.' आम्ही फडकं आणून दोघांनी मिळून पुसलं. पण मला आत कुठेतरी फार बरं वाटलं. आपल्या डोक्यात आहे ते बाबाच्या डोक्यात नसू शकतं, याची त्याला पहिली चाहूल लागली होती. खोट्याचं कौतुक काय करायचं, असं कुणी म्हणेल. मला ते खोटं वाटतच नाही, समज वाढल्याची खूण वाटते.

बोलण्याविषयी तर किती लिहू. 'मी करलं.' 'मी जालो होतो.' घरात कुणीही 'करलं' म्हणत नाही. मग हे आलं कुठून? धरलं, भरलं, ठरलं ऐकून त्याने आपला आपण नियम काढला आणि तो 'कर'ला लावला. त्याची चूक नाही, भाषाच तिथे वाकडी चालते. जगभरची मुलं आपापल्या भाषेत हे करतात. इंग्रजीत जीन बर्को या संशोधिकेने 1958 साली हे छान दाखवलं. तिने मुलांना स्वतः बनवलेले, कधीच न ऐकलेले शब्द दिले, आणि लहान मुलांनी त्यांची अनेकवचनं नियमाने करून दाखवली. पाठांतर असतं तर ते जमलं नसतं. म्हणून माझी घरातल्या सगळ्यांना विनंती असते, 'करलं' म्हटलं की हसू नका आणि थांबवूनही दुरुस्त करू नका. आपण 'हो, तू केलंस' म्हणावं आणि पुढे बोलावं. 'करलं' आपोआप जाणार आहे. मला तर ते जायची घाई अजिबात नाही.

त्याचा काळाचा हिशेबही वेगळा आहे. मागचं सगळं 'काल', पुढचं सगळं 'उद्या'. आजीकडे गेलो होतो काल, जन्मलो तोही काल.

आणि 'का?' या प्रश्नाविषयी माझं ठाम मत आहे. मूल लक्ष वेधून घ्यायला 'का' विचारतं, हे आपण उगाच ठरवून टाकलंय. 2009 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन ते पाच वर्षांच्या मुलांची संभाषणं तपासली होती. खरं कारण मिळालं की मुलं मान्य करत किंवा पुढचा प्रश्न विचारत. नुसतं काहीतरी उत्तर मिळालं की तोच प्रश्न परत विचारत, नाहीतर स्वतःच कारण बनवून सांगत. करून बघा. 'सावली का येते?' याला 'येते अशीच' म्हटलं, तर तो प्रश्न पाच वेळा येईल. टॉर्च घेऊन भिंतीवर हात धरून दाखवला, तर प्रश्न थांबतो आणि खेळ सुरू होतो. आमचा संध्याकाळभर चालला.

राग, रुसवे, जमिनीवर लोळण, हे सगळं आहेच. त्यात रमणीय काही नाही, ते निभावून न्यावं लागतं. पण त्या रागातसुद्धा काही झाकलेलं नसतं. 'मी तुझ्याशी बोलणार नाही! तू जाऊ नको, इथेच बस.' एका दमात दोन्ही. रागावलोय आणि तू हवा आहेस, हे इतकं सरळ मला स्वतःला आजवर कुणाला सांगता आलेलं नाही, माझ्या ओळखीतल्या कुठल्याही मोठ्या माणसालाही नाही.

मला काळजी वाटते ती एवढीच की हे वय आपण तयारीत घालवतो. शंभरपर्यंत आकडे, पाहुण्यांसमोर 'म्हणून दाखव', कोणाचं मूल काय काय पाठ म्हणतं याची तुलना. ज्याला स्वतःचे विचार मोठ्याने बोलायचेत, त्याला आपण दुसऱ्याचे शब्द म्हणायला उभं करतो. नाहीतर मोबाइल हातात देतो. या वयासाठी स्क्रीन दिवसाला तासाभराच्या वर नको, कमी असेल तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलंय. मला त्याचं माझं असं एक कारण आहे. पडद्यापुढे बसलं की त्याचं ते स्वतःशी बोलणं बंद पडतं. शांतता होते, ती मला नको असते. घरातल्या थकल्या माणसाला ती कधी हवी असते, हेही मला कळतं, आणि त्यासाठी मी कुणालाही बोल लावणार नाही. फक्त एवढं सांगेन, की हा आनंद घ्यायला वेगळा वेळ काढावा लागत नाही. बूट घालताना, अंघोळीला, जिना चढताना तो चालूच असतो.

आणि यातलं जवळजवळ काहीही त्याच्या लक्षात राहणार नाही. मोठ्यांच्या सगळ्यात जुन्या आठवणी सरासरी तीन-साडेतीन वर्षांपासून सुरू होतात, त्याही तुटक. म्हणून मी त्याची वाक्यं एका वहीत लिहून ठेवतो, तारीख घालून, त्याच्याच शब्दांत, 'करलं'सकट. फोटो सगळेच काढतात. वाक्यं लिहा, असं मी भेटेल त्या आईबापांना सांगत सुटलोय.

आज झोपायच्या आधीचा प्रश्न होता, 'बाबा, काल मी छोटं बाळ होतो ना, तेव्हा तू कोण होतास?' मी म्हटलं, 'बाबाच होतो.' 'आणि त्याच्या आधी?' त्यावर आम्ही अंधारात बराच वेळ बोललो. ते अजून वहीत उतरवायचंय, तेवढं आता करतो.