"मुलींना केमिकल नको" वाल्या मेसेजबद्दल

आपल्या वडोदऱ्याच्या मराठी ग्रुपवर चार दिवस एक मेसेज फिरतोय, मुलींना केमिकल इंजिनिअरिंगला घालू नका, रात्रपाळी कायद्यानेच बंद, काम अंगमेहनतीचं, मुलांच्या सीट अडवतात आणि वर त्यांचे मेंटॉरिंगचे लाड. मी कलाभवनातूनच, म्हणजे इथल्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, केमिकल केलंय, बारा वर्षं प्लँटवर आहे, म्हणून लिहितेय.

रात्रपाळी. १९४८च्या फॅक्टरी कायद्यात बायकांना संध्याकाळी सातनंतर काम नव्हतं हे खरं, पण मद्रास हायकोर्टाने ते बंधन २००० सालीच घटनाबाह्य ठरवलं आणि केंद्राच्या २०२०च्या लेबर कोडमध्येही बाईची संमती आणि सुरक्षेची सोय असली की रात्री काम करता येतं. सोय करायची कंपनीने.

अंगमेहनत म्हणाल तर अख्खा डिस्टिलेशन कॉलम (द्रव उकळून वेगळे करायचा उंच टॉवर) कंट्रोल रूममधून चालतो, आणि जाम झालेल्या व्हॉल्व्हला चाक फिरवायची व्हील-की लावावी लागते ती सहा फुटी ऑपरेटरलाही लागतेच. पेनिसिलिनचा पहिला व्यावसायिक प्लँट डिझाइन केला मार्गारेट हचिन्सन रूसो यांनी, एमआयटीतून १९३७ साली केमिकलमध्येच डॉक्टरेट.

सीट? आयआयटीत २०१८पासून मुलींसाठी दिल्या त्या जादाच्या आहेत, मुलांची एकही कमी केली नाही.

आता लाड, ह्याचंच मला जास्त लागलं. गेल्या उन्हाळ्यात थर्ड इयरची एक मुलगी ट्रेनिंगला गेली, त्या प्लँटवर लेडीज टॉयलेटच नाही, ऑफिस बिल्डिंगपर्यंत दहा मिनिटं चालायचं, तर ही पोर मे महिन्यात सकाळपासून पाणीच प्यायची नाही. सेफ्टी शूज सहा नंबरपासून पुढचे, हिचा पाय चार नंबरचा, दोन-दोन मोजे घालून लोखंडी जिने चढायची. घरी सांगितलं तर ट्रेनिंग बंद करतील म्हणून गप्प. मला फोन आला तो चक्कर येऊन पडल्यावर. मी म्हटलं सेफ्टी ऑफिसरला मेल टाक, ढिले शूज हा हॅझर्ड आहे असं स्पष्ट लिही, आणि वेगळ्या टॉयलेटसाठी फॅक्टरी कायद्याचं कलम १९ लिही. आठवड्यात शूज आले. टॉयलेट अजून नाही.

मुलांना हे सगळं टपरीवर रात्री दहाला सीनियर सांगतात, ट्रेनिंगला कुणाला फोन करायचा इथपासून. मुली तोवर कधीच्या घरी पोचलेल्या असतात, त्यांना कोण सांगणार?

माझ्याकडे दांडिया बाजारात रविवारी साडेदहाला पाच जणी येतात, सध्या हीट एक्स्चेंजरची गणितं आणि इंटरव्ह्यूची तयारी चाललीये. मेसेज टाकणाऱ्या काकांची भाची यंदा बारावीला आहे ना, तिलाही पाठवा काका.